"दोन्ही डोस झालेत ताई, कार्ड सोबत देतो"

पिल्लू विकणाऱ्याच्या या एका वाक्यावर मी 18,000 रुपये मोजले. चिंचवडला एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याने लॅब्रॅडॉरचं पिल्लू हातात दिलं. आई कुठंय विचारलं, तर "गावाला, फार्मवर." तिथंच परत फिरायला हवं होतं, पण पिल्लू कुशीत शिरलं की अक्कल गहाण पडते.

दुसऱ्याच दिवशी ओकाऱ्या, रात्री रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी किटवर तपासलं: पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. "अहो, लस दिलीय ना!" म्हणत मी कार्ड पुढे केलं. मला त्यात सह्या-शिक्के दिसत होते, त्यांना दिसली ती रिकामी जागा. लशीच्या बाटलीवरचं लेबल सोलून तारखेशेजारी चिकटवतात, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. इथं नुसतं बॉलपेनने लशीचं नाव. दोन्ही नोंदी एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या.

मग त्यांनी तारखा मोजल्या. कार्डावरच्याच जन्मतारखेने पिल्लू 45 दिवसांचं, आणि पहिला डोस म्हणे विसाव्या दिवशी! एवढ्या लहान वयात आईकडून आलेली प्रतिपिंडं लशीचा परिणामच होऊ देत नाहीत. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून 16 आठवड्यांपर्यंत दर दोन-चार आठवड्यांनी डोस देतात. शिवाय आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीबद्दलच्या 2017च्या नियमांनी बंदी आहे. म्हणजे गुन्हा कार्डावरच लिहिला होता, मी फक्त वाचला नव्हता. शिक्क्यावरचा फोन नंबर लावून पाहिला, अस्तित्वातच नाही.

मग विकणाऱ्याला फोन केला. "तुमच्या घरीच लागण झाली असेल." लागण झाल्यावर लक्षणं दिसायला किमान तीन दिवस तरी जातात, हे सांगितल्यावर फोन कट, नंबर ब्लॉक.

पाच दिवस सलाईन लावून ते वाचलं, नशीब. सलाईनचा खर्च पिल्लापेक्षा जास्त. घरात फिनाइलने भागलं नाही, फरशी ब्लीचने पुसली, कारण हा विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो. शेजारच्या काकूंनाही त्यांचं पिल्लू आमच्याकडे आणू नका म्हणून सांगितलंय.

परवा बहिणीच्या फोनवर त्याची जाहिरात दिसली. तेच पार्किंग, नवी पिल्लं, खाली "फुल्ली व्हॅक्सिनेटेड, कार्डसहित".