टाइप सात-सी पाणबुडीचा राखाडी रंग: पुस्तिकेतले मिश्रण, तयार बाटली की सियागंजातला डबा?

इंदूरहून समुद्र पाहायचा तर अवंतिका एक्स्प्रेसमध्ये रात्र काढावी लागते, तरीही या गावात जहाजांची आणि पाणबुड्यांची मॉडेल्स जोडणारे लोक आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी दुसऱ्या महायुद्धातील जर्मन टाइप सात-सी ही पाणबुडी हाती घेतलेली असते. जोडणी झाली, सांधे पुटीने भरून घासले, प्रायमरही बसला, की मग खरी अडचण समोर येते. पेटीवरच्या चित्रात राखाडी रंगाच्या दोन-तीन छटा दिसतात आणि त्या कोणत्या, कुठून आणायच्या आणि किती विश्वासाने लावायच्या याबद्दल प्रत्येक जण वेगळे सांगतो. हा आढावा त्या टप्प्यावर अडलेल्यांसाठी आहे.

आधी मूळ रंग कोणते होते ते पाहू, कारण त्याशिवाय तुलनेला अर्थ उरत नाही. जर्मन आरमारात रंगांना नाव आणि क्रमांक असे दोन्ही असत. त्यांपैकी हेलग्राउ (फिका राखाडी) ५० हा आजच्या आरएएल या क्रमांकवार रंगतक्त्यातील ७००१ शी, तर डुंकेलग्राउ ५१ हा ७००० शी जुळतो असे सर्वसाधारणपणे मानले जाते. येथे नावाने फसू नये. डुंकेलग्राउ म्हणजे गडद राखाडी, पण ७००० ची पट्टी हातात घेतली तर ती मध्यम, किंचित निळसर राखाडी निघते. ‘गडद’ हा शब्द केवळ हेलग्राउच्या तुलनेत आहे. पुस्तिकेतला तो शब्द वाचून कोळशासारखा रंग लावलेली मॉडेल्स मी एकाहून अधिक पाहिली आहेत. याशिवाय श्लिकग्राउ ५८, म्हणजे गाळासारखा राखाडी, हाही वापरात होता. खरोखर गडद राखाडी रंग असे तो पाण्याखालच्या भागाला. युद्धनौकांच्या तळाला जो लाल रंग आपण पाहतो तो या पाणबुड्यांना नसे. लाकडी पट्ट्यांचा डेक संरक्षक लेपामुळे जवळजवळ काळा दिसे आणि उन्हा-मिठाने हळूहळू विटत जाई.

जुन्या छायाचित्रांवरून छटा ठरवण्याचा मोह सर्वांना होतो. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे लाल वस्तू काळपट आणि निळसर वस्तू फिकी उमटे. म्हणून छायाचित्रातला काळपट तळ पाहून तो लाल की राखाडी हे ठरवता येत नाही. छायाचित्रातून विश्वासाने घेण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे एकाच चित्रात शेजारी असलेल्या दोन राखाडी पृष्ठभागांतले अंतर: वरचा भाग आणि तळ यांत किती फरक आहे, धडाच्या बाजू आणि कोनिंग टॉवर (पाठीवरचा मनोरा) एकाच छटेचे आहेत की नाहीत. माझ्या मते प्रतिकृतीचा खरेपणा क्रमांकापेक्षा या अंतरावर अधिक अवलंबून असतो, आणि पुढची सगळी तुलना मी याच निकषावर केली आहे.

दुसरी पूर्वअट काळाची. युद्धापूर्वी कोनिंग टॉवरवर पाणबुडीचा क्रमांक मोठ्या पांढऱ्या अंकांत असे; युद्ध सुरू होताच ते अंक काढून टाकण्यात आले आणि त्यांच्या जागी चिन्हे आली. यू-४७ या जर्मन पाणबुडीने १४ ऑक्टोबर १९३९ रोजी स्कापा फ्लो येथे रॉयल ओक ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली, आणि तिच्या टॉवरवरचा फुरफुरणारा बैल त्यानंतरचा आहे. बैल आणि पांढरा क्रमांक एकाच मॉडेलवर लावला, तर राखाडी कितीही अचूक असला तरी जाणकाराची नजर आधी तिथेच अडकते. (यू-४७ ही सात-बी प्रकारची होती हेही सात-सीच्या पेटीतून ती बनवू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.)

आता तीन मार्ग. पहिला, पेटीतल्या पुस्तिकेप्रमाणे मिश्रण करण्याचा. पुस्तिका बहुधा त्याच कंपनीच्या रंगांची टक्केवारी देते: इतका टक्का हा, इतका तो. एका बैठकीत संपणाऱ्या लहान मॉडेलला हे चालते. परंतु टाइप सात-सीची लांबी ६७.१ मीटर, म्हणजे १:७२ प्रमाणात सुमारे ९३ सेंटिमीटर. एवढ्या पृष्ठभागासाठी एकदा केलेले मिश्रण पुरत नाही, आणि दुसऱ्यांदा थेंब मोजून केलेले मिश्रण पहिल्याशी जुळत नाही. माझ्या पहिल्या मॉडेलच्या शेपटाकडचा तळहाताएवढा भाग आजही बाजूच्या खिडकीतून ऊन आले की वेगळा दिसतो. त्यामुळे १:७२ साठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

दुसरा मार्ग मॉडेलसाठीच बनवलेल्या तयार बाटल्यांचा. यातही तीन जाती आहेत आणि इंदूरच्या हवेत त्यांचे वागणे वेगवेगळे असते. वालेहोसारखे पाण्यात विरघळणारे अॅक्रिलिक घरात वास करत नाही, ब्रशने छान बसते, पण मेमधल्या चाळीस अंशांच्या कोरड्या दुपारी एअरब्रशच्या टोकावरच सुकते. त्यात रिटार्डर (सुकणे लांबवणारे द्रव्य) घालून पहाटे फवारणे बरे. तामियाचे अॅक्रिलिक अल्कोहोलयुक्त थिनरमध्ये एअरब्रशला अधिक सोयीचे, मात्र ब्रशने मोठा भाग रंगवला तर पहिला थर दुसऱ्या थराखाली उचलला जातो आणि पट्टे दिसतात. हम्ब्रोलसारखे एनॅमल ब्रशने रंगवणाऱ्यांसाठी आजही उत्तम, कारण ते सावकाश सुकते आणि ब्रशच्या खुणा आपोआप मिटतात. फक्त पुढच्या थराआधी एक दिवस थांबावे लागते आणि खोलीत टर्पेंटाइनचा वास राहतो. छटेच्या बाबतीत मात्र बाटलीवरच्या नावावर भिस्त ठेवू नये. ‘लाइट ग्रे’ नावाखाली प्रत्येक कंपनी आपल्या कल्पनेतला राखाडी विकते. ज्या बाटलीवर आरएएल किंवा आरमारी क्रमांक छापलेला आहे ती आधी घ्यावी, आणि तीही तपासूनच.

तिसरा मार्ग इंदूरकरांना सहज सुचतो, कारण आरएएल तक्ता हा येथे मॉडेलवाल्यांपेक्षा कारखानदारांच्या रोजच्या वापरातला आहे. सांवेर रोडच्या किंवा पीथमपूरच्या कोणत्याही पावडर कोटिंगवाल्याकडे तो तक्ता, पंख्यासारख्या उघडणाऱ्या रंगपट्ट्यांचा, भिंतीला लटकलेला असतो. विजेचे पॅनेल ७०३२ किंवा ७०३५ मध्ये रंगवण्यात त्यांचा दिवस जातो. विनंती केल्यावर पट्टी हातात देतात, आणि ७०००, ७००१ प्रत्यक्ष पाहण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. सियागंज या बाजारपेठेच्या बाजूला गाड्यांचा रंग मिसळून देणाऱ्या दुकानात क्रमांक सांगितला की डबा तयार होतो. मला पाव लिटर घ्यावा लागला, पण त्यात १:७२ चे एक मॉडेल रंगवून दुसऱ्याची तजवीज झाली, आणि नाकापासून शेपटापर्यंत छटा एकच राहिली.

या मार्गाचे धोके मात्र खरे आहेत. गाड्यांचा एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आणि त्याचे थिनर मॉडेलच्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरीनला, चावते. चांगला प्रायमर आणि अगदी विरळ, धुक्यासारखे थर यांशिवाय रिव्हेटच्या रेषा विरघळून जातात. जुलैच्या दमट संध्याकाळी गच्चीवर फवारलेला माझा डेकचा काळा रंग डोळ्यांदेखत पांढुरका पडला, कारण थिनर उडताना थंडावलेल्या थरावर हवेतली वाफ बसते. पावसाळ्यात हे काम करू नये. हार्डनरचा दोन भागांचा पी.यू. (पॉलीयुरेथेन) रंग तर घरात फवारूच नये. त्यातील आयसोसायनेट हे घातक रसायन साध्या कापडी मास्कने थांबत नाही. शिवाय गाडीचा रंग चकचकीत येतो आणि त्यावर मॅट वार्निश लागतेच. मॅट झाल्यावर तीच छटा अर्धी पायरी फिकी भासते. कारखान्यातली पट्टीही चमकदार असल्याने तिच्याशी ओले-कोरडे जुळवताना हा फरक धरून चालावे.

मोठ्या वस्तूची छटा लहान मॉडेलवर गडद भासते, म्हणून रंगात थोडा पांढरा घालण्याची प्रथा आहे. त्याचे प्रमाण हा मॉडेलकारांमधला कधी न मिटणारा वाद आहे. मी १:७२ ला काही घालत नाही, १:१४४ ला (जिथे पाणबुडी ४६ सेंटिमीटरच्या आसपास होते) थोडासा घालतो आणि १:३५० ला मोकळ्या हाताने. मात्र वरच्या आणि तळाच्या अशा दोन्ही रंगांत सारख्याच प्रमाणात घालावा, नाहीतर ज्या अंतराबद्दल वर लिहिले तेच बिघडते.

काही जण जर्मन पाणबुडीऐवजी भारतीय पाणबुडी करावी म्हणतात. त्यांतल्या खांदेरी या पाणबुडीचे नाव अलिबागजवळच्या जलदुर्गाचे असल्याने मराठी माणसाला ती ओढ असणे साहजिक आहे. तेथे राखाडीचा प्रश्न सुटतो आणि काळ्याचा सुरू होतो. शुद्ध काळा लावला की सगळे तपशील नाहीसे होतात. तामियाचा एक्सएफ-८५ रबर ब्लॅक किंवा काळ्यात थोडा राखाडी मिसळून केलेला रंग बरा. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली कुरसुरा ही पाणबुडी (सेवाकाळ १९६९ ते २००१) आकार आणि तपशिलांसाठी अमूल्य आहे, परंतु संग्रहालयातील जहाजे प्रेक्षकांसाठी आणि हवेपासून बचावासाठी पुन्हापुन्हा रंगवली जातात. तिच्या आजच्या रंगाला सेवेतल्या रंगाचा पुरावा मानू नये. जर्मनीतील लाबे येथे जतन केलेल्या यू-९९५ या पाणबुडीलाही हेच लागू आहे.

तेव्हा १:७२ चे मॉडेल, एअरब्रश, उघडी गच्ची आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा कोरडा काळ हाताशी असेल, तर सियागंजातला डबा. १:१४४ किंवा त्याहून लहान असेल, किंवा काम बंद खोलीतच करायचे असेल, तर क्रमांक छापलेली अॅक्रिलिकची बाटली. ब्रशनेच रंगवायचे असेल तर एनॅमल. निवड कोणतीही असो, आधी प्लास्टिकचे चार चमचे प्रायमर मारून त्यांवर वरचा, तळाचा, डेकचा आणि पांढरा मिसळलेला असे चार रंग चढवावेत, मॅट वार्निश द्यावे आणि ते सकाळी उत्तरेच्या खिडकीपाशी शेजारी ठेवून पाहावेत. घरातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली ७००१ जास्त निळा भासतो, त्यामुळे रात्री घेतलेला निर्णय सकाळी बदलण्याची तयारी ठेवावी.