पाचवीच्या वर्गात कोणतं कोडं न्यावं: टँग्रॅम, कापरेकरांची वजाबाकी की जादूचा चौरस?

कोल्हापुरात जुलैचा पाऊस लागला की मैदान बंद, आणि पी.टी.चा तास गणिताच्या सरांच्या गळ्यात. समोर चाळीसेक पोरं. अशा तासांना मी तीन कोडी आलटून पालटून वापरली. पोराची चूक त्याची त्याला कळते का, एवढंच मी बघतो.

टँग्रॅम, म्हणजे एका चौरसाचे सात तुकडे जोडून आकृत्या करणं, दिसायला देखणं. जुन्या लग्नपत्रिकांतून सात तुकडे कापले की खर्च नाही. मोठे दोन त्रिकोण प्रत्येकी चौरसाच्या १/४, लहान दोन प्रत्येकी १/१६, बाकीचे तिन्ही तुकडे प्रत्येकी १/८. अपूर्णांक हातात धरता येतात. पण पहिला तास कात्रीतच जातो, पुढचा बदकं-मांजरं करण्यात. तुम्ही मुद्दाम विचारलं तरच गणित निघतं.

कापरेकरांच्या वजाबाकीला पाटी-पेन्सिल पुरते. देवळालीला शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांचा हा शोध. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ - २३४५ = ३०८७, मग ८७३० - ०३७८ = ८३५२, मग ८५३२ - २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. हातच्याच्या वजाबाकीचा सराव न कुरकुरता होतो. गोम अशी, की मध्ये चूक झाली तरी बहुतेक वेळा गाडी शेवटी ६१७४ लाच पोचते! पोरगं खूश, चूक पोटात. म्हणून प्रत्येक उत्तरातल्या अंकांची बेरीज करायला लावा. ती ९ च्या पाढ्यात नसेल तर वजाबाकी हुकली.

जादूच्या चौरसात चूक लपतच नाही. तीन बाय तीन घरांत १ ते ९ आकडे एकेकदा, आडवी, उभी, तिरपी प्रत्येक ओळीची बेरीज १५. "सर, ह्या ओळीत १६ येतंय" असं पोरगंच सांगतं आणि पोरगंच खोडतं. मधे ५ च का, हा प्रश्न तर सोन्यासारखा. मधलं घर चार ओळींत येतं; १५ होणारे तिघांचे गट आठच, त्यांतल्या चारांत असणारा आकडा एकटा ५. हे पोरांना स्वतः मांडू द्या, अर्धा तास जाऊ दे.

शिष्यवृत्तीवाले पालक "याला मार्क किती?" विचारतील. त्यांच्यासाठी कापरेकर बरे, वहीत वजाबाक्या दिसतात. एकच कोडं न्यायचं असेल तर मी चौरस नेईन. सातवीला हाच चौरस -४ ते ४ घेऊन द्या, ओळीची बेरीज शून्य.