बोनेर: गाडीतून उतरायचे आणि थेट समुद्रात शिरायचे

पांढऱ्या वाळूत लोळण्यासाठी कॅरिबियनला जायचे असेल, तर बोनेरचे तिकीट काढू नये. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेल्या या बेटाचा किनारा बहुतेक ठिकाणी मेलेल्या प्रवाळाच्या टोकदार खड्यांचा आहे आणि अनवाणी चालणाऱ्याचे तळवे तो सोलून काढतो. ज्यांना पाण्याखाली जायचे आहे, त्यांच्यासाठी मात्र इतके सोयीचे ठिकाण माझ्या तरी पाहण्यात नाही.

बेट २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. त्यामुळे ॲमस्टरडॅमहून थेट विमान मिळते आणि तिकडे राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांना ते तसे जवळचे पडते. चलन मात्र युरो नसून अमेरिकन डॉलर आहे, हे विमानतळावर उतरल्यावर कळण्यापेक्षा आधीच ठाऊक असलेले बरे.

डायव्हिंगसाठी इथे बोटीची वाट पाहावी लागत नाही. रस्त्याकडेला पिवळ्या रंगाने रंगवलेले दगड ठेवलेले आहेत, त्यांवर त्या त्या जागेचे नाव लिहिलेले असते. तिथे पिकअप उभी करायची, मागच्या हौद्यातला सिलिंडर पाठीवर चढवायचा आणि चालत पाण्यात शिरायचे. काही मीटर पोहले की तळ एकदम उताराला लागतो आणि प्रवाळाची भिंत सुरू होते. स्कूबाचे पहिले धडे मी तारकर्लीला गिरवले, तिथे बोट, भरती-ओहोटी आणि गढूळपणा यांचा हिशोब करूनच पाण्यात उतरता येत असे; इथे सकाळी सहाला उतरा नाहीतर रात्री नऊला, घड्याळ आपले. पोपटमासे प्रवाळावरची शेवाळे कुरतडतात, त्याचा कुरकुर आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. रात्री टॉर्च लावला, तर माणसाएवढे मोठे टार्पन मासे आपल्या उजेडाच्या कडेला येऊन थांबतात आणि त्या उजेडात सापडलेला छोटा मासा टिपतात. पहिल्यांदा मी अक्षरशः दचकलो.

‘थाउजंड स्टेप्स’ या जागेचे नाव ऐकून घाबरू नये. पायऱ्या सत्तरच्या आतच आहेत. पण डायव्ह संपवून ओला सूट आणि सिलिंडर यांसह वर चढताना नाव ठेवणाऱ्याने खोटे सांगितले असे वाटत नाही. ‘हिल्मा हूकर’ हे सुमारे ७२ मीटर लांबीचे मालवाहू जहाज १९८४ मध्ये गांजासह पकडले गेले आणि त्याच वर्षी बुडाले. ते आज जवळपास ३० मीटर खोलीवर आडवे पडले आहे. तिथे अनुभव नसलेल्यांनी जाऊ नये.

हा मोकळेपणा फुकट मिळालेला नाही. बेटाभोवतीचा समुद्र १९७९ पासून सागरी उद्यान आहे. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला ४० डॉलरचे वार्षिक निसर्गशुल्क भरावे लागते, पहिल्या दिवशी माहिती ऐकून चाचणीची डायव्ह करावी लागते आणि हातमोजे घालायला बंदी आहे, कारण मोजे घातलेला हात बिनदिक्कत प्रवाळाला धरतो. मला हे नियम जाचक वाटले नाहीत. तरीही २०२३ मध्ये आलेल्या प्रवाळाच्या रोगाने काही जागी पांढरे पडलेले सांगाडे मागे ठेवले आहेत, ते पाहून वाईट वाटते. दोन डायव्हांच्या मध्ये साहित्य निर्जंतुक करण्याचा आळस करू नये.

विंडसर्फिंगसाठी पूर्वेकडचे लाक हे उथळ आखात गाठावे. बाहेरच्या प्रवाळाच्या कड्यावर लाटा फुटतात, आत पाणी सपाट आणि कमरेइतके राहते आणि व्यापारी वारे बहुतेक दिवस एकसारखे वाहतात. दोन तासांत मी किमान तीस वेळा पडलो, दर वेळी तळावर पाय टेकवून उठलो. प्रशिक्षक शांत होता, फळ्या चांगल्या होत्या. या पैशांबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती गाडी भाड्याने देणाऱ्याबद्दल. उत्तरेच्या वॉशिंग्टन-स्लागबाय उद्यानातल्या खडकाळ मातीच्या रस्त्यावर आमचे टायर पंक्चर झाले आणि टायर विम्यात धरलेले नाहीत, हे करारातले बारीक अक्षरातले वाक्य अनामत रक्कम कापल्यानंतर आम्हाला दाखवण्यात आले. सही करण्याआधी एवढे एक विचारून घ्यावे. गाडीत किमती वस्तूही ठेवू नयेत. तुम्ही पाण्यात असताना ती तासभर बेवारस उभी असते. उद्यान मात्र चुकवू नये: निवडुंगाचे रान, त्यातून किंचाळत जाणारे पोपट आणि २४१ मीटर उंचीचे ब्रांदारिस हे बेटावरचे सर्वांत उंच टोक तिथेच आहे.

विमानाच्या आधी किमान अठरा तास डायव्ह करता येत नाही, म्हणून शेवटचा दिवस दक्षिणेसाठी राखावा. गुलाबी पाण्याच्या मिठागरांजवळ फ्लेमिंगो दुरूनच पाहायचे असतात, त्यांच्या विणीच्या जागेत कोणालाही प्रवेश नाही. त्याच रस्त्यावर १८५० साली बांधलेल्या, मिठागरांत राबणाऱ्या गुलामांच्या दगडी झोपड्या समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत. दार इतके ठेंगणे, की आत शिरायचे तर जवळजवळ रांगावे लागते. मी शिरलो, ताठ उभे राहता आले नाही, तसाच मागे फिरलो.