सराफ बाजारातला सप्तशृंगीचा मीनाकाम ताईत: लहान की मोठा?

नाशिकच्या सराफ बाजारात सप्तशृंगीचा मीना केलेला सोन्याचा ताईत दोन मापांत पाहायला मिळाला, 18 मिलिमीटर आणि 28 मिलिमीटर. लहान घेऊ नका. देवीला अठरा हात आहेत, ते त्यात मावत नाहीत.

मीना म्हणजे रंगीत काच. सोन्याच्या पत्र्यात खळगे खोदायचे, काचेची ओली भुकटी भरायची, भट्टीत वितळवायची आणि मग घासून सपाट करायचं. दोन खळग्यांमध्ये सोन्याची भिंत उरावी लागते. 18 मिलिमीटरच्या ताईतात एका बाजूला नऊ हात घातले की ही भिंत केसाएवढी होते आणि शेजारचे रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. लहान नगात कोपरापुढे नुसते लाल ठिपके आहेत. भिंग लावलं तरी आयुधं सापडत नाहीत. मोठ्या नगात कारागिराने हात सोन्यातच उभे ठेवले आणि भोवतीची जमीन लाल केली. 2022 मध्ये शेंदराचा लेप उतरवेपर्यंत मूर्ती शेंदरी होती आणि ताईतातली देवी सोनेरी, असा उलटा प्रकार झाला खरा, पण रेषा स्वच्छ आहेत.

लाल हा मीन्यातला सगळ्यात नाठाळ रंग. जास्त आच सोसणारे रंग आधी, म्हणजे पांढरा पहिला आणि लाल अगदी शेवटी. चांदीवर तो खुलतच नाही. 22 कॅरेट सोन्यात तांबं असेल तर ते भट्टीत काळवंडतं आणि पारदर्शक लालाखाली तपकिरी झाक येते. जयपूरचे जुने मीनाकार म्हणूनच त्याहून शुद्ध सोनं पसंत करत. या ताईतातही देवीच्या पायाशी ती झाक आहे. गळ्यात घातल्यावर कळत नाही, उन्हात तिरपा धरला की कळते.

खरा फरक मागच्या बाजूला आहे. थंड होताना सोनं आणि काच सारखी आकसत नाहीत. पातळ पत्रा त्यामुळे बशीसारखा वाकतो आणि पुढचा मीना तडकतो. मागेही मीना दिला की ताण सारखा होतो. मोठ्या नगाला मागे हिरवा मीना आहे. लहानाची पाठ कोरी, वर तिथे नाव खोदून देतात, म्हणजे पातळ पत्रा आणखी पातळ!

लहान नग 2 ग्रॅमच्या आत बसतो आणि त्या वजनाखाली हॉलमार्क सक्तीचा नाही. मोठा साडेसात ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धतेचा 22के916 हा शिक्का आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, हवाच. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तिथेच टाकून पाहा. बिलात निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या, नाहीतर काच सोन्याच्या भावाने गळ्यात पडते. ऑर्डर देऊन करवत असाल तर मीना भरण्याआधीचं वजन मागून ठेवा.

याच गल्लीत मीना म्हणून रेझिन (प्लास्टिकसारखा पदार्थ) भरलेले तयार नगही मिळतात. टाचणीच्या टोकाने कडेला हलकेच ओढून पाहा. रेझिनवर चरा उठतो, काचेवर नाही. रेझिन घामाने आणि अत्तराने पिवळंही पडतं.

कडी मीन्याआधी झाळलेली असावी. इथल्या नगाची तशीच आहे, पण ती बारीक आहे, जाड साखळीत दोन वर्षांत झिजेल. झिजली की ज्योतीवर झाळू देऊ नका, मीना लगेच तडकेल. लेझरने जोडणारा कारागीर गाठा. साफ करायला दुकानातल्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्येही टाकू देऊ नका. कोमट पाणी, रिठा आणि मऊ ब्रश एवढं पुरे. चिंच आणि लिंबू देवघरातल्या तांब्या-पितळेसाठी ठेवा, आंबटाने मीन्याची चकाकी जाते.