गोळी, स्प्रे की ड्रॉप? नागपुरात शिंकणाऱ्यांसाठी थोडी तुलना

गणपती उठले की आमच्या मानेवाड्याकडच्या ले-आऊटमध्ये दोन गोष्टींना जोर येतो, रिकाम्या प्लॉटवरच्या गाजर गवताला आणि माझ्या शिंकांना. गवत कमरेएवढं होऊन बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जातं, आणि प्लॉटचे मालक कुठे तरी पुण्यात. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं की लागोपाठ दहा-बारा शिंका, मग नाकातून पाण्याची धार, टाळूला आतून खाज. परागज्वर म्हणतात याला, पण ज्वर काही येत नाही. ताप आला तर ते दुखणं वेगळं समजावं.

दिवाळीनंतर हा जोर ओसरतो. फेब्रुवारीच्या शेवटी वावळ फुलतो, पाठोपाठ कडुनिंब, आणि मग घरोघरी कूलर निघतात. म्हणजे वर्षात दोन हंगाम. औषध निवडताना हा हिशेब कामी येतो. आधी एवढंच बघायचं की आपलं नाक वाहतं की चोंदतं, आणि त्रास चार दिवसांचा आहे की दोन महिन्यांचा.

नाक वाहत असेल, शिंका आणि खाज असेल, आणि तेही अधूनमधून, तर अ‍ॅलर्जीची गोळी बरी. तासाभरात फरक कळतो. चोंदलेल्या नाकावर मात्र तिचा फारसा जोर चालत नाही. गोळ्यांमध्येही फरक आहे. सेट्रिझिन स्वस्त आणि हमखास, पण कित्येकांना झोप आणते. एकदा मी ती जेवणानंतर घेतली आणि गाडी काढली. अजनीच्या सिग्नलवर मागच्या ऑटोवाल्याने हाक मारली, "ओ भाऊ, झोपून राह्यले का?" सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल व्हायला आला होता. तेव्हापासून सेट्रिझिन फक्त रात्री. लिव्होसेट्रिझिनने थोडी कमी झोप येते असं म्हणतात, मला तरी फरक जाणवला नाही. दिवसा गाडी चालवायची असेल तर फेक्सोफेनाडिन सगळ्यांत सोयीची.

पण तिच्यात आपल्या गावाला नडेल अशी एक गोष्ट आहे. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसासोबत घेतली तर ती अंगात कमी शोषली जाते. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिल. आपल्या शिंकांचे हंगामही जवळपास हेच. एक अख्खी दिवाळी मी रोज सकाळी संत्र्याच्या रसाच्या ग्लासासोबत ही गोळी गिळत होतो आणि औषधात दम नाही म्हणून कुरकुरत होतो. गोळी साध्या पाण्यासोबत घ्या, रस दोन-चार तासांनी प्या.

लिव्होसेट्रिझिनमध्ये मॉन्टेलुकास्ट घातलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहून देतात. ती घेऊन वाईट स्वप्नं पडली, चिडचिड झाली, मन उदास झालं तर गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये मॉन्टेलुकास्टच्या या परिणामांबद्दल कडक इशारा दिला आहे.

नाक चोंदत असेल आणि त्रास रोजचा असेल, तर माझं मत स्प्रेच्या बाजूने. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, ब्युडेसोनाइड ही त्यातली नेहमीची नावं, सगळी स्टेरॉइडच. स्टेरॉइड म्हटलं की घरचे दचकतात. पण हे औषध नाकापुरतं काम करतं, रक्तात फार थोडं जातं. खरी अडचण वेगळीच, लोक दोन दिवस मारतात, फरक दिसत नाही, बाटली फ्रिजवर पडून राहते. स्प्रेचा पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यामुळे त्रास सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधीच डॉक्टरांना विचारून सुरू केलेला बरा, म्हणजे पोळ्याच्या सुमारास. मारायची पद्धतही असते. मान थोडी पुढे वाकवा, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, टोक मधल्या पडद्याकडे नाही, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे ठेवा. मग जोरात ओढू नका. ओढलं की औषध घशात जातं. पडद्यावर मारत राहिलं की नाकातून रक्त येतं, हा अनुभव माझा स्वतःचा. खर्चाचं म्हणाल तर दोन्ही नाकपुड्यांत रोज दोन-दोन फवारे धरले, तर 120 फवाऱ्यांची बाटली महिनाभर जाते.

ड्रॉपच्या वाटेला शक्यतो जाऊच नका. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच मिनिटांत नाक मोकळं करतात, म्हणूनच त्यांचा मोह सुटत नाही. तीन ते पाच दिवसांच्या पुढे घेतले की नाक उलट जास्त चोंदतं आणि थेंबाशिवाय उघडतच नाही. "काहून भाऊ, आठ दिवसांत दुसरी शिशी?" असं मेडिकलवाल्याने विचारलं तेव्हा मला कळलं की मी त्यात अडकलो होतो.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं, म्हणजे जलनेती, स्वस्त आहे आणि स्प्रेच्या आधी केली तर औषध नीट पोचतं. पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं किंवा बोअरचं थेट कधीच नाही. त्यातला अमिबा नाकातून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर जीवावर बेततं. अर्धा लिटर पाण्याला जेमतेम एक सपाट लहान चमचा मीठ पुरे. तुळस-आल्याचा काढा घशाला बरा, हळदीचं दूध आईच्या समाधानासाठी. गावरान मधाने अ‍ॅलर्जी जाते याला भक्कम आधार नाही.

दोन-तीन वर्षं गोळी-स्प्रे करूनही भागत नसेल तर कशाची अ‍ॅलर्जी आहे ते त्वचेच्या चाचणीने बघून इम्युनोथेरपीचा, म्हणजे त्याच गोष्टीची थोडी थोडी मात्रा देऊन शरीराला सवय लावण्याचा, विचार करता येतो. इंजेक्शन किंवा जिभेखालचे थेंब, तीन ते पाच वर्षं नेटाने. चाचणीआधी साधारण आठवडाभर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल खोटा येतो. छातीत शिट्टी वाजत असेल, धाप लागत असेल तर यातलं काहीही स्वतःच्या मनाने करू नका, आधी छाती दाखवा.

राहिला कूलर. तो बाहेरचीच हवा आत ओढतो आणि गेल्या वर्षीच्या ताट्यांमध्ये, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या जाळ्यांमध्ये, धूळ-बुरशी बसलेली असते. आमच्याकडे होळीच्या आधी ताट्या बदलतात, टाकी घासून घेतात. ताट्या उपटायचं काम धाकटा भाऊ करतो. मी तेवढा वेळ कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पीत असतो.