ठाण्यातल्या घरात नॅस: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर

नॅस म्हणजे घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून वापरता येणारा डिस्कचा डबा. आमचा सिनॉलॉजीचा डीएस २२४ प्लस आणि त्यात सीगेट आयर्नवुल्फच्या ४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १ मध्ये, म्हणजे एकीवर जे तेच दुसरीवर. चरईतल्या आमच्या फ्लॅटमध्ये हे रात्रंदिवस चालू असतं. हार्डवेअर म्हणाल तर डोळे दिपावेत असं यात काही नाही. सेलेरॉन जे४१२५ प्रोसेसर, २ जीबी रॅम, गिगाबिटचे दोन पोर्ट. क्यूनॅपचा टीएस २६४ कागदावर याला सहज मागे टाकतो: अडीच गिगाबिटचे पोर्ट, ८ जीबी रॅम, वर एसएसडीसाठी दोन स्लॉट. तरी हा घेतला, कारण वापरणारे आम्ही तिघं, आणि त्यातल्या दोघांना नॅस म्हणजे काय याच्याशी काही देणंघेणं नाही.

बायकोची सीएची प्रॅक्टिस घरून चालते. बाबांकडे नाट्यसंगीताच्या नि भजनांच्या ढीगभर कॅसेटी, आणि गावच्या गणपतीच्या मिनीडीव्ही टेप. तासाभराची टेप कॉम्प्युटरवर उतरवली की १३ जीबी जातात. कॅसेटचं तसं नाही, तासाभराचं रेकॉर्डिंग सीडीच्या दर्जाचं ठेवलं तरी ६०० एमबी, आणि फ्लॅक केलं (दर्जा न घालवता फाइल लहान केली) की साधारण निम्मं. एकूण हिशेब ४ टीबीत आरामात बसतो. (दाखवताना ते ३.६ दिसतात. डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात, कॉम्प्युटर १०२४ च्या, दुकानदाराशी भांडू नका.)

निवड ठरली ती एका गोष्टीवर: स्नॅपशॉट, म्हणजे फाइल त्या त्या वेळी जशा होत्या तशा परत मिळायची सोय. याच कंपनीचा स्वस्तातला ‘डीएस २२३ जे’ स्नॅपशॉटला लागणारी बीटीआरएफएस फाइल सिस्टिम चालवत नाही, म्हणून त्यात स्नॅपशॉट नाहीत. घरच्या फोटोंना तो पुरेल. ऑफिसच्या कामाला मी तो घेणार नाही. टॅक्स ऑडिटच्या धांदलीत हिच्याकडच्या आर्टिकलने (शिकाऊ सीएने) एका क्लायंटच्या यंदाच्या शेड्यूलवर गेल्या वर्षीची फाइल सेव्ह केली. नाव तेच, फोल्डर तेच. रेड १ ने अर्थातच ती चूक इमानेइतबारे दोन्ही डिस्कवर उतरवली. पण स्नॅपशॉट दर तासाला घ्यायला लावलेले होते. विंडोजमध्ये फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’, अकराची प्रत उघडली, फाइल ओढून बाहेर काढली. मला हाकसुद्धा मारली नाही, संध्याकाळी जेवताना कळलं. टॅलीचा डेटा मात्र अजून तिच्याच पीसीवर आहे, रात्री सिनॉलॉजीचं ॲक्टिव्ह बॅकअप हे ॲप त्याची प्रत नॅसवर आणतं. वायफायवरून टॅली चालवायचं धाडस करू नये असं माझं मत.

डिस्क घेताना बॉक्सवरचं ‘नॅससाठी’ वाचून थांबू नका. २०२० मध्ये डब्ल्यूडी रेडच्या काही डिस्क गाजावाजा न करता एसएमआर पद्धतीच्या (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या, म्हणून पुन्हा लिहिताना मंदावणाऱ्या) निघाल्या होत्या आणि मोठा गदारोळ झाला होता. ट्रॅक सुटे ठेवणाऱ्या, म्हणजे सीएमआरच घ्या. माझ्या ५४०० आरपीएमच्या आहेत, आवाज कमी. तरीही टीव्हीखालच्या प्लायवुडच्या कपाटात ठेवल्यावर रात्री घरघर ऐकू यायची. खाली रबरी मॅट घातली तेव्हा थांबली. मे महिन्यात कपाटाचं दार उघडं ठेवावं लागतं, एवढं मात्र खरं.

वेग? वायरीने ११० एमबीच्या आसपास, म्हणजे गिगाबिटची हद्दच. घरात यापुढे काही लागत नाही. बाबांचा टीव्ही जुना, त्याला एचईव्हीसी (व्हिडिओ लहान करायची नवी पद्धत) झेपत नाही, म्हणून जेलीफिन टाकलं, ते व्हिडिओ टीव्हीला झेपेल असा बदलून देतं. कंपनीचं स्वतःचं व्हिडिओ स्टेशन डीएसएम (नॅसची ऑपरेटिंग सिस्टिम) ७.२.२ पासून बंदच झालंय, त्यामुळे ज्यांना सगळं आयतं हवं त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. जेलीफिनसाठी ४ जीबी रॅम वाढवली, एकूण ६, कंपनीच्या लेखी यापुढे जात नाही. नवा डीएस २२५ प्लस मी बघितलासुद्धा नाही: २०२५ च्या प्लस मॉडेलांना कंपनीने आपल्याच यादीतल्या डिस्कची सक्ती केली होती. ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ आणून ती सैल केली, पण तोवर माझी खरेदी होऊन गेली होती.

पैसे वाचवू नयेत अशी जागा म्हणजे यूपीएस. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बसली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली, तसं रोज होत नाही. पावसाळ्यात दोन-चार सेकंद वीज जाते-येते, डिस्कला तेच बाधतं. यूपीएसला यूएसबीचा डेटा पोर्ट हवा, म्हणजे बॅटरी संपत आली की नॅस स्वतःहून नीट बंद होतो. दुकानदाराने ‘आहे ना साहेब’ म्हणून जो दिला त्याचा यूएसबी फक्त मोबाइल चार्ज करायचा निघाला. बदलून मिळाला, पण डोकं खाऊन. विजेचं बिल मात्र नगण्य, १५ वॅट धरले तर महिन्याला ११ युनिट.

बाहेरून फाइल बघायच्या तर आमच्या केबलवाल्याचं इंटरनेट सीजीनॅटमागे (एकच पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला), त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून थेट नॅसपर्यंत वाट उघडायचा, प्रश्नच नाही. बरंच झालं. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने इंटरनेटवर उघडे ठेवलेले क्यूनॅपच गाठले होते. टेलस्केल (आपल्याच उपकरणांना जोडणारं खासगी नेटवर्क) टाकलं, फुकटात काम झालं.

आणि दुसरी प्रत घराबाहेर हवीच. महिन्यातून एकदा यूएसबी डिस्कवर बॅकअप घेऊन ती कोपरखैरण्याला ताईकडे जाते, तिथली जुनी परत येते. दोन्ही एनक्रिप्ट केलेल्या, कारण लोकांचे पॅन आणि बँक स्टेटमेंट त्यात आहेत.