हॉट रॉड आहे, असंच असतं

मी पोचलो तेव्हा गाडी चालूच होती. माझी फसवणूक तिथूनच सुरू झाली. मला मात्र तेव्हा वाटलं, काय तत्पर माणूस आहे, आपण यायच्या आत गाडी बाहेर काढून ठेवली.

1978 सालची दोन दरवाजांची शेव्हरोले ब्लेझर, हौसेने बदललेली, म्हणजे हॉट रॉड. मॅट काळा रंग, बॉनेटवर नारिंगी ज्वाळा, दोन्ही बाजूंना दरवाजांखालून गेलेले क्रोमचे सायलेन्सर पाइप आणि 33 इंची टायर. पुढच्या मडगार्डवर 5.7 चा, म्हणजे 5.7 लिटर इंजिनाचा, बिल्ला. आणि आवाज! उभ्या जागी गुरगुरत होती, आरसा थरथरत होता. माझा मेव्हणा बरोबर होता. तो हळूच म्हणाला, ‘‘जरा जास्तच हलतेय का रे?’’ विक्रेत्याने ऐकलं. हसून म्हणाला, ‘‘साहेब, कॅम मोठा बसवलाय. हॉट रॉड आहे, असंच असतं.’’

हे वाक्य त्या तासाभरात मी सहा-सात वेळा ऐकलं. दर वेळी ते अर्धं खरं होतं, आणि म्हणूनच मी फसलो. कॅम म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा. मोठ्या कॅमचं इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, अडखळत गुरगुरतं, हे अगदी बरोबर. पण एखाद-दोन सिलिंडर मेलेलं इंजिनही तसंच गुरगुरतं. कंपनीतून निघालेल्या साध्या गाडीत काही वेगळं दिसलं की आपण थबकतो. हौसेने बदललेल्या गाडीत सगळंच वेगळं असतं, त्यामुळे बिघाड कुठला आणि हौस कुठली, हे विकणारा सांगेल तसं आपण मान्य करत जातो.

इंजिनावरचा नंबर बघायला मागितला. हे तरी मी वाचून गेलो होतो: या जातीच्या व्ही-8 मध्ये ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव ठोकळ्याच्या) पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) अगदी पुढे एक छोटी सपाट जागा असते, तिथे ठोकलेला नंबर असतो. ती जागा आरशासारखी गुळगुळीत. उत्तर तयार होतं, ‘‘रिबिल्ड करताना ब्लॉकचा माथा घासावा लागतो, त्यात नंबर गेला.’’ तसं होतंही. पण मग कागदावर लिहिलेला इंजिन नंबर कशाशी ताडायचा? हा प्रश्न मला घरी आल्यावर सुचला.

किलोमीटर? ‘‘मीटरला काही अर्थ नाही साहेब, टायर मोठे आहेत.’’ हेही खरंच. मूळ टायर 28 इंची धरला आणि त्या जागी 33 इंची आला, तर मीटरवर 100 पडतात तेव्हा गाडी जवळजवळ 118 चाललेली असते. त्यातून या जुन्या गाड्यांचा आकडा पाच घरांचा. 99,999 नंतर पुन्हा शून्यापासून. म्हणजे बघायचं तरी काय? मी बघितलंच नाही. निदान क्लच-ब्रेकच्या पेडलांचं रबर किती झिजलंय, ते तरी बघायला हवं होतं.

खाली वाकून पाहिलं तर चेसिस काळी कुळकुळीत, ताजा अंडरकोट मारलेला. ‘‘गंज लागू नये म्हणून.’’ मी मान डोलावली. खिशात लोहचुंबक होता बरं का! फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवायचा. जिथे तो धरत नाही तिथे पुटी (पत्र्याचे खड्डे बुजवायचा लेप) जाड. पण समोर माणूस इतका गोड बोलतोय आणि आपण त्याच्या ज्वाळांवर चुंबक फिरवायचा, याचा संकोच वाटला. या भिडेची किंमत मी पुढे वर्षभर भरतोय.

चालवून पाहिली ती पंधरा मिनिटं, सपाट रस्त्यावर, तो सांगेल त्या वाटेने. पावतीवर ‘जशी आहे तशी’ हे शब्द होते. जुन्या गाडीला असं लिहितातच, असं मीच मेव्हण्याला समजावलं. निम्मी रक्कम रोख दिली. आणि एक गोष्ट नंतर लक्षात आली. मी संदेश पाठवून काहीही विचारलं की तो फोन करायचा. ‘5.7’ हे त्याने शंभरदा तोंडाने म्हटलं असेल. लिहून एकदाही दिलं नाही. तो बिल्ला तेवढा होता, आणि बिल्ला कुठेही विकत मिळतो.

घरी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा थंड इंजिन चालू केलं. आधी बराच वेळ स्टार्टर फिरत राहिला, मग निळसर धुराचा एक मोठा लोट बाहेर आला. म्हणून तर गाडी आधीच गरम करून ठेवली होती! पण मला त्याहून विचित्र काही दिसलं आणि मी मूर्खासारखा खूश झालो. किल्ली फिरवताच, इंजिन सुरू व्हायच्याही आधी, टेंपरेचरचा काटा झटक्यात मध्यावर जाऊन बसला. मला वाटलं, नवीन मीटर आहे, चपळ आहे. अहो, रात्रभर उभ्या असलेल्या गार इंजिनाचं तापमान मध्यावर कसं असेल? तो काटा खाली पडून राहायला हवा आणि पाच-दहा मिनिटांत सावकाश चढायला हवा.

चौथ्या दिवशी चढावर गाडी उकळली. बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती आणि काटा मध्यावर शांत.

मिस्त्री वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी सेन्सरची वायर बोटाने चाचपत नेली. ती सेन्सरपर्यंत पोचतच नव्हती. डॅशबोर्डमागे टेपच्या गुंडाळीत एक इवलासा रेझिस्टर सोल्डर करून तिचं टोक बॉडीला अर्थ केलेलं होतं. मीटरला कायम एकच आकडा दिसत राहील अशी सोय. आतापर्यंत मी मनात विक्रेत्याची बाजू घेत होतो, की त्यालाही माहीत नसेल. तो रेझिस्टर हातात घेतल्यावर ते संपलं. सोल्डरचं काम सुबक होतं, अगदी निगुतीने केलेलं.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं. सहा सिलिंडर ठीक, शेजारशेजारचे दोन निम्म्यावर. शेजारचे दोन एकदम पडले की बहुतेक वेळा त्यांच्यामधलं हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधलं पातळ अस्तर) गेलेलं असतं. हेड खोललं, गॅसकेट जळलेलं होतंच. मग मिस्त्रींनी सिलिंडरचं तोंड पुसलं, व्हर्नियर लावला, पुन्हा लावला आणि मला बोलावलं. ‘‘वाचा.’’ 95 मिलिमीटरच्या आसपास. ‘‘5.7 ला इथे 101.6 पाहिजे. हे 5 लिटरचं आहे.’’

हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी जरा थांबतो. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक कुळात 350 घन इंची म्हणजे 5.7 लिटरचं इंजिन 1967 पासून, आणि 305 घन इंची म्हणजे 5 लिटरचं 1976 पासून. दोघांचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) एकच, 3.48 इंच. फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा: 4 इंच आणि 3.736 इंच. बाहेरून दोन्ही सख्खे जुळे. कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, एअर क्लीनर, सगळं एकमेकांना बसतं. 305 वाईट नाही, पण हॉट रॉडवाल्यांच्या लेखी त्याला भाव नाही, म्हणून त्याच्यावर 350 चे कपडे चढवायचे. ओळखायचं असेल तर हेड खोलायची गरज नसते. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्स जिथे जोडतात तिथे, ओतीव आकड्यांचा कास्टिंग नंबर असतो. तो माथ्यावर नसल्यामुळे रिबिल्डमध्ये घासला जात नाही. टॉर्च आणि छोटा आरसा पुरतो. तो नंबर याद्यांत शोधला की ब्लॉक कुठला ते कळतं. मी सपाट जागेवरचा पुसलेला नंबर बघून परत फिरलो आणि हात लांबवला असता तर सापडेल असा नंबर तिथेच राहिला.

अंडरकोट खरवडल्यावर चेसिसच्या मागच्या भागात तुकडा जोडून केलेलं वेल्डिंग निघालं. त्यावर मी जास्त लिहीत नाही. ते पाहून मिस्त्रींनी गाडी रस्त्यावर न्यायला मनाई केली, एवढं पुरे. विमा कंपनीने आधी बदललेल्या भागांची यादी मागितली. मी यादीत इंजिन काय लिहायचं होतं?

विक्रेत्याला फोन केला. त्याने उचलला, हे विशेष. रेझिस्टरबद्दल म्हणाला, आधीच्या मालकाने केलं असेल. इंजिनाबद्दल म्हणाला, मलाही 5.7 म्हणूनच विकली होती. पावती वाचून दाखवली. आणि मग, शप्पथ सांगतो, त्याच गोड आवाजात, ‘‘साहेब, हॉट रॉड आहे...’’ मी फोन ठेवला. तक्रार नोंदवली आहे. लेखी काही आहे का, हा पहिला प्रश्न आला आणि माझ्याकडे फक्त बिल्ला होता.

आता गाडी मीच विकायला काढली आहे. जाहिरातीत 305 लिहिलं, गॅसकेट लिहिलं, वेल्डिंगचा फोटो टाकला, रेझिस्टरचाही टाकला. तीन आठवड्यांत एकच फोन आला. तरुण मुलगा होता. सगळं वाचलंस का, विचारलं, तर हो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, ‘‘काका, आवाज कसा आहे?’’